जुन्या छोट्या आगगाड्या : पहिली निवड कशी करावी?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपण नाशिककर आगगाडीच्या शेजारची माणसे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि १८६५ साली कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीस आली. आजही नाशिकरोडच्या फलाटावर इंजिन दिसले की मुले आईचा हात सोडून पुढे धावतात. त्यातलाच एखादा पुढे जुन्या छोट्या आगगाड्या जमवू लागतो आणि विचारतो, "सर, पहिली गाडी कोणती घेऊ?"

उत्तर देण्यापूर्वी माझीच फजिती सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मुंबईतील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून मी दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे एक इंजिन घेतले. रंग झकास, पितळेची घुमटी चकचकीत. दोन महिन्यांची बचत त्यात गेली. शाळेच्या प्रदर्शनात ते रुळावर ठेवले आणि चाक बिस्किटासारखे तुटले. मुले हसली. एकाने मात्र गंभीरपणे विचारले, "सर, घेताना चालवून पाहिले होते का?" मी पाहिले नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नातच आजच्या भाषणाचे सार आहे.

ते चाक का तुटले? त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूचे भाग साच्यात ओतून बनवीत. त्यात शिसे मिसळले गेले असेल, तर धातू आतून कुजतो, फुगतो, त्याला बारीक तडे जातात. दमट हवेत हा रोग वाढतो आणि त्यावर इलाज नाही. वरचा रंग त्याला झाकतो, बरा करीत नाही. म्हणून नवशिक्याने युद्धापूर्वीच्या ओतीव गाड्यांच्या मोहात पडू नये. चाकांच्या आऱ्या, इंजिनाची टोके आणि खालची बाजू भिंगाखाली पाहावी. कोठे फुगवटा किंवा तडा दिसला, की नमस्कार करून निघावे.

मग घ्यावे काय? इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली हॉर्नबी गाड्या काढल्या. त्यांच्या रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर. युद्धानंतरची पत्र्याची, चावीची हॉर्नबी गाडी शिकण्यास उत्तम. तिचे यंत्र साधे असते. चावी देऊन पाहावी. स्प्रिंग घसरत नाही ना, मध्येच अडकत नाही ना, एवढे समजले की पुरे. विजेची गाडी हवी असेल, तर त्याच कंपनीची युद्धोत्तर 'डब्लो' गाडी पाहावी. या गाड्या १९३८ साली निघाल्या, अंतर १६.५ मिलिमीटर.

येथे एक सावधगिरी हवी. डब्लो गाड्या आधी तीन रुळांवर चालत; १९५९ पासून दोन रुळांच्या आल्या. जर्मनीच्या मार्कलिनची पद्धत आणखी निराळी. रुळांतील अंतर सारखे असले म्हणून गाडी चालेलच असे नाही. भलत्या रुळावर ठेवली तर शॉर्टसर्किट होते. तेव्हा इंजिन, रूळ आणि वीज देणारी पेटी एकाच पद्धतीची घ्यावी. परदेशी पेटी ११० व्होल्टची असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ती जळेल. फार जुन्या काही गाड्या तर थेट घरच्या विजेवर चालत. त्यांना हात लावू नये. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून ही खेळणी लहान भावंडांच्या तोंडी लागू देऊ नयेत.

पालकांना विनंती, दुकानदाराला नम्रपणे म्हणा, "भाईसाहेब, दहा मिनिटे चालवून दाखवा." पुढे चालवा, मागे चालवा, अगदी सावकाश चालवा. जळका वास येतो का पाहा. चालवू न देणाऱ्याकडून घेऊ नका. नव्या रंगाने सजवलेल्या गाडीपेक्षा मूळ रंगाची, थोडी खरचटलेली गाडी अधिक मोलाची. घरी आणल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एखादाच थेंब द्या. खोबरेल मुळीच नको. नाशिकच्या थंडीत ते गोठते आणि यंत्र जखडते.

खरेदीपूर्वी मुलांना एकदा पुण्यास, कोथरूडला घेऊन जा. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून तेथे १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. सिग्नल, पूल, गाड्या सारे एका मेळात चालताना पाहिले, की आपल्याला काय हवे ते मुलांनाच उमगते.

ते तुटके चाक मी टाकले नाही. माझ्या टेबलावर ठेवले आहे. चकाकी पाहून पैसे काढण्याचा मोह झाला, की ते मला त्या मुलाचा प्रश्न विचारते. मित्रांनो, वस्तू घेताना तुम्हीही तो विचारा.