निदानापूर्वीचा दमा

 पुणे शहरात भरलेल्या या परिषदेच्या व्यासपीठावर पुष्पगुच्छ नाहीत, समईजवळ उदबत्ती नाही आणि सभागृहात सुगंधी फवारा मारलेला नाही, हे काही पाहुण्यांच्या ध्यानात आले असेल. त्यात यजमान स्वागत समितीचा कोरडेपणा नसून, उग्र वासाने आणि धुराने ज्यांना धाप लागते अशी माणसे पहिल्याच रांगेत बसली आहेत, एवढेच कारण आहे.

श्वसनविकारांच्या अभ्यासाशी या शहराचा संबंध जुना आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशन ही संस्था २००२ साली येथे सुरू झाली आणि येथील केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र एडिनबरो विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या ‘रेस्पायर’ या श्वसनविकार-संशोधनात भागीदार राहिले आहे. ज्या गाजरगवताच्या परागांचा अनेकांना त्रास होतो, त्याच्याकडे देशाचे लक्षही १९५० च्या दशकात पुण्यातच वेधले गेले. हा मान मात्र शहराने फारसा मिरवावा असा नाही.

परिषदेसाठी निवडलेला विषय दम्याच्या उपचारांचा नसून निदानाचा आहे, आणि निदानातही रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या अनुभवाचा व त्या अनुभवाला डिजिटल साधनांचा कितपत आधार मिळू शकतो याचा आहे. दमा म्हणजे श्वासनलिकांचा दीर्घकाळ राहणारा दाह. या दाहामुळे नलिका हळव्या होतात, सर्दीचे विषाणू, धूळ, धूर किंवा थंड हवा अशा निमित्ताने आक्रसतात आणि औषधाने, कधी आपोआपही, पुन्हा मोकळ्या होतात. हे मोकळे होणेच निदानाच्या आड येते. दमा बहुधा रात्री आणि पहाटे बळावतो, तर दवाखाना सकाळी दहाला उघडतो. सारी रात्र उशीला टेकून बसून काढलेला माणूस डॉक्टरांसमोर येतो तेव्हा छातीतली घरघर थांबलेली असते, स्टेथोस्कोपमध्ये काही ऐकू येत नाही आणि एक्स-रेही स्वच्छ निघतो. अशा वेळी रुग्णाच्या सांगण्याखेरीज दुसरा पुरावा उरत नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी तमकश्वास आडवे झाल्यावर वाढणारा, उठून बसल्यावर हलका होणारा आणि ढगाळ, गार हवेत बळावणारा असा वर्णिला आहे. हे वर्णन रुग्णाचे म्हणणे सविस्तर ऐकल्यावाचून लिहिता येणारे नाही.

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४३ लाख लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांत भारताचा वाटा सुमारे १३ टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४२ टक्क्यांहून अधिक आहे. या विषमतेची अनेक कारणे असली, तरी एक कारण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोबल ॲस्थमा नेटवर्कच्या भारतातील पाहणीत स्पष्ट दिसते. पुण्यासह नऊ केंद्रांवर मुले आणि त्यांचे पालक यांची माहिती घेतली असता, ज्यांची छाती त्या वर्षात घरघरली होती अशांपैकी ८२ टक्के लोकांना, आणि तीव्र लक्षणे असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांना दम्याचे निदान कोणी केलेलेच नव्हते. ही माणसे दवाखान्यांपासून दूर होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांतील बहुतेकांच्या घरी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडतील.

निदानापूर्वीची वर्षे कशी जातात, हे रुग्ण सांगतात तेव्हा त्यात एक ओळखीचा क्रम दिसतो. खोकला येतो, प्रतिजैविकांचा एक डोस होतो, ऋतू पालटला की खोकला जातो आणि पुन्हा येतो. दोन आठवडे टिकला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासली जाते, जे या देशात योग्यच आहे, पण तपासणीत क्षय नाही असे निघाल्यावर पुढे काय, याचे उत्तर अनेकदा त्या कागदावर नसते. लहान मुलाच्या बाबतीत ‘बाळदमा आहे, मोठेपणी जाईल’ असे आजी सांगते. मोठ्या माणसाला ‘ॲलर्जी’ किंवा ‘ॲलर्जिक ब्राँकायटिस’ सांगितले जाते, कारण दमा म्हटले की घर हादरते हे डॉक्टरही जाणतात. उपवर मुलीच्या बाबतीत हे मौन अधिकच दाट होते. कोजागरीच्या रात्री औषध घातलेली खीर घेण्यासाठी होणारी गर्दी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपला आजार दमा आहे हे पक्के ठाऊक असते, आणि इतर कोणी ते त्याला नीट सांगितलेले नसते, ही गोष्ट वैद्यकाने लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पंपाची सवय लागते’ ही भीतीही याच मौनात वाढते. वस्तुतः श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या (इनहेलरच्या) एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीसपट.

मोजमापाची साधने नव्हती असेही नाही. लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली स्पायरोमीटर, म्हणजे फुंकलेल्या हवेचे आकारमान मोजणारे यंत्र, मांडले. आज त्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजतात, श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजतात, आणि ती १२ टक्क्यांनी व २०० मिलिलिटरने वाढली तर दम्याच्या बाजूने बळकट पुरावा मिळाला असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु त्या दिवशी नलिका मोकळ्याच असतील तर ही चाचणीही निर्दोष येते, आणि रुग्णाला खोटे ठरवण्यासाठी आणखी एक कागद तयार होतो. याला उतारा म्हणून पीक फ्लो मीटर उपयोगी पडते. जोराने फुंकल्यावर हवेचा कमाल वेग लिटर प्रतिमिनिटात दाखवणारे हे साधे नळीवजा उपकरण बॅसिल मार्टिन राइट यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या उपकरणाचे हलके रूप आहे. ते घरी ठेवून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकले आणि प्रौढ व्यक्तीच्या आकड्यांतील रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून अधिक निघाला, तर तो चढउतारच दम्याकडे बोट दाखवतो.

डिजिटल साधनांची खरी जागा येथे आहे, असे स्वागत समितीचे मत आहे. वहीत लिहिलेल्या नोंदी राहून जातात, आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरून काढल्या जातात, हे या सभागृहातील प्रत्येक डॉक्टरने पाहिले असेल. फोनला जोडलेले पीक फ्लो मीटर किंवा खिशात मावणारा स्पायरोमीटर प्रत्येक फुंकरीची वेळ स्वतः टिपतो; पंपावर बसवलेला संवेदक औषध केव्हा घेतले ते नोंदवतो; रात्री तीनच्या खोकल्याचा आवाज फोन साठवू शकतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली केवळ फोनच्या मायक्रोफोनवर फुंकून श्वसनक्षमतेचा अंदाज घेता येतो असे दाखवले होते. पहाटेचा पुरावा सकाळी दहापर्यंत टिकवून ठेवणे, एवढे जरी या साधनांनी केले तरी ते पुष्कळ आहे. प्रश्नावलीवरून परस्पर ‘तुम्हाला दमा आहे’ असा निकाल देणाऱ्या ॲपविषयी मात्र तितका उत्साह दाखवता येत नाही. धाप हृदयविकारानेही लागते, रक्तक्षयानेही लागते, आणि वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रीला फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधी विकार, म्हणजे सीओपीडी, असण्याची शक्यता तितकीच गांभीर्याने पाहावी लागते.

यंत्राने दिलेला आकडाही वाटतो तितका निर्विवाद नसतो. स्पायरोमीटर मोजलेल्या हवेची तुलना वय, उंची आणि लिंग पाहून काढलेल्या अपेक्षित मूल्याशी करतो, आणि हे अपेक्षित मूल्य कोणत्या लोकसमूहावरून काढायचे हे यंत्रातील आज्ञावली ठरवते. २०१२ साली जगभर स्वीकारल्या गेलेल्या समीकरणांत भारतीयांसाठी स्वतंत्र गट नव्हता. यंत्रात कोणता पर्याय निवडला आहे यावर तोच श्वास सामान्य किंवा कमी ठरू शकत असे. २०२२ मध्ये वंशनिरपेक्ष समीकरणे आली, तरी कोणते यंत्र कोणती समीकरणे वापरते हे विकत घेणाऱ्याने विचारले पाहिजे, आणि विकणाऱ्याने न विचारता सांगितले पाहिजे.

शिवाय फोन कोणाचा, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरण्याचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के आढळले. ज्या घरात फोन मुलाबरोबर कामावर जातो, तेथे आईच्या पहाटेच्या खोकल्याची नोंद होणार नाही. आणि ज्या घरात सुनेचा फोन सगळे जण उघडतात, तेथे तिचा लपवलेला आजार ॲपच्या एका सूचनेने उघडा पडेल. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण कायदा कंपनीपासून संरक्षण देऊ पाहतो, घरातल्या नजरांपासून नव्हे. ज्या वस्तीत असा पेच असेल तेथे आशा कार्यकर्तीच्या हाती दिलेले, दोन आठवड्यांनी परत घ्यायचे साधे पीक फ्लो मीटर अधिक चालेल, आणि त्याला मागासलेपण समजण्याचे कारण नाही.

या विचारानेच कार्यक्रमाची आखणी केली आहे. दुपारच्या प्रदर्शनात उपकरणे मांडणाऱ्यांना पडद्यावरील सूचना मराठीत दाखवण्याची आणि नोंदी कोठे साठतात हे फलकावर लिहिण्याची अट घातली होती; ती काहींनी आनंदाने, काहींनी नाइलाजाने पाळली आहे. पहिले सत्र रुग्णांचे असून त्यात स्लाइड नाहीत, वेळेची घंटा नाही, आणि तज्ज्ञांनी त्यात प्रश्न विचारावेत पण निदान करू नये अशी विनंती आहे. निवास, भोजन आणि प्रवास यांत काही उणीव राहिली असल्यास ती स्वागत समितीची मानावी व कार्यकर्त्यांच्या कानावर घालावी. अध्यक्षांच्या अनुमतीने व्यासपीठ आता पहिल्या सत्रातील वक्त्यांच्या स्वाधीन करण्यात येत आहे.