सतरा सप्टेंबरच्या पुढे



आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सिंदखेडराजा आधी आठवतो, आणि ते योग्यच आहे. आज मला मात्र त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्यापासून सुरुवात करायची आहे. ऑक्टोबर 1724 मध्ये तिथे निजामुल्मुल्क आणि दिल्लीच्या बाजूने लढणारा मुबारिजखान यांच्यात लढाई झाली. बाजीराव पेशव्यांची मदत निजामाला होती. मुबारिजखान मारला गेला, दख्खन दिल्लीच्या हातून निसटली आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. विजेत्याने गावाचं नाव फत्तेखेडा ठेवलं. लोकांनी ते टिकू दिलं नाही. पण त्या हंगामात कुणाच्या उभ्या ज्वारीतून घोडी गेली, हे लिहून ठेवायला कोण बसणार?

आपल्या मातीत पाया घातलेलं ते राज्य सव्वादोनशे वर्षांनी आपल्याच शिवेपलीकडे संपलं. वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडे होता आणि 1902 मध्ये त्यावर कायमच्या भाडेपट्ट्याची मोहोर उठली. तरी कागदावर मालकी निजामाचीच. म्हणून 1947 साली देऊळगावराजाच्या किंवा लोणारच्या माणसाच्या मनात तिरंग्यासोबत एक धास्तीही असणार. पलीकडे निजामाच्या हद्दीत जालना, मंठा, परतूर. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या जाचाने घरंदारं सोडून माणसं वऱ्हाडात येत होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आत शिरून करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके उद्ध्वस्त करत होते. सप्टेंबर 1948 मध्ये, 13 ते 17 या पाच दिवसांत, भारतीय फौजांनी ‘पोलिस ॲक्शन’ करून निजामाची राजवट संपवली.

इथवरचं आपल्याला पाठ आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी ते लिहिलं, अनंतराव भालेरावांनी लिहिलं, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पण आपली सार्वजनिक आठवण 17 तारखेच्या झेंडावंदनाशी थांबते. 18 तारखेला काय झालं?

नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने हैदराबाद संस्थानात फिरून माहिती घेतली. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि तिच्यानंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली होती. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांकडेही समितीने बोट दाखवलं. अहवाल सरकारने छापला नाही. तो अनेक दशकं दप्तरात पडून होता. रझाकारांचे अत्याचार खरे होते, म्हणून हा सूड खोटा ठरत नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला आपली जीभ अजून कचरते. माझीही कचरते, पण संमेलनाच्या अध्यक्षाने बोलायचं नाही तर कुणी?

त्याच अहवालातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना हल्ल्यापासून वाचवलं, आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. पळवून नेलेल्या मुस्लिम स्त्रिया परत मिळवायला कितीतरी हिंदू धावले. या माणसांची नावं आपल्या एकाही चौकाला नाहीत. शांततेची सुरुवात सरकारने केली असं आपण शिकवतो. माझ्या मते ती या मागावर बसणाऱ्यांनी केली. सरकार मागाहून आलं.

ते आलं, हेही सांगितलं पाहिजे. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 मध्ये कूळकायदा आला, 1952 मध्ये मतपेटी आली. कसणाऱ्याचं नाव कागदावर चढणं हे शांतता परिषदेतल्या शंभर भाषणांहून जास्त उपयोगाचं असतं. (हे भाषणही त्या शंभरात धरा.) 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले. ज्या सरहद्दीवर माणसं लपूनछपून ये-जा करत होती, ती नुसती जिल्ह्याची हद्द उरली.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने वेगळी वाट धरली. तिथे 1995 नंतर डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगापुढे मारणारे आणि ज्यांचं माणूस गेलं ते, दोघेही उघड बोलले. देशाने ते ऐकलं. भरपाई मात्र उशिरा आली, तीही तुटपुंजी. आपल्याकडे उलटं झालं: जमिनीचा कायदा आला, ऐकणं राहून गेलं.

आणि हिंसेनंतरच्या समेटाचा हा विषय जुना झालेला नाही. 1 मे 2019 रोजी गडचिरोलीत माओवाद्यांनी घडवलेल्या जांभुळखेड्याच्या स्फोटात 15 पोलिस गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातलेही होते. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आणि त्याच्या 60 साथीदारांनी शस्त्रं खाली ठेवली. फोटो छापून आले. आता त्या सगळ्यांना गावात कोण उभं करतं, आणि आपल्या तालुक्यातल्या शहिदाच्या घरच्यांना ते कसं वाटतं, हे कादंबरीकाराचं काम आहे. पोलिस खात्याच्या पत्रकात ते मावत नाही.

तेव्हा मागणी एकच आहे. 1948 साली दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीकडे आली आहेत. देऊळगावराजा, सिंदखेडराजा, लोणार या तीन तालुक्यांत आणि पलीकडे जालन्याच्या गावांत जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं: कोण कुणाकडे राहिलं, ढोरं कुणी सांभाळली, परत गेल्यावर वावर मिळालं की नाही. मोहल्ल्यातही जावं, वाड्यातही. खर्च संमेलनाच्या शिल्लक निधीतून करावा. हारतुऱ्यांवर यापेक्षा जास्त जातो. उद्या सकाळच्या खुल्या अधिवेशनात हा ठराव येईल. सूचक म्हणून माझं नाव लिहून दिलं आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.