शेवटचा फूटभर

बुलढाण्याहून दक्षिणेस जालना जिल्हा ओलांडला कीं बीड लागतें. तेथील मांडवा गांवच्या अविनाश साबळे ह्यानें २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत, ३००० मीटर स्टीपलचेसमध्यें, केनियाच्या धावपटूंमागें राहून दम राखला. अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या. एवढें झाल्यावर पायांत वेग उरावा, हीच कसोटी! वेग उरला, पण किबिवोट ८ मिनिटें ११.१५ सेकंदांत पोंचला, साबळे ११.२० सेकंदांत. अंतर जेमतेम फूटभर. माझ्या मतें चढाई अंमळ उशिरा झाली. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत त्यानें आरंभींच आघाडी घेतली. वेळ बर्मिंगहॅमहून आठ सेकंदांनीं अधिक, पण पदक सुवर्णाचें. रेषेपाशीं दुसरें कोणी नव्हतेंच.