मावेल तेवढा मैदा

श्रोतेहो, दिवाळी जवळ आली की घराघरांतून कढईचा आणि झाऱ्याचा आवाज येऊ लागतो. चकली, करंजी, शंकरपाळे हे सारे तळणाचे पदार्थ. त्यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते भाजणाच्या पदार्थांविषयी, म्हणजे भट्टीत, निखाऱ्यांवर किंवा गोवऱ्यांच्या आरात जे भाजून निघते त्याविषयी. आणि त्या निमित्ताने घरातल्या एका वहीविषयी.

बेकरी हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला, पण भाजण्याची कला आपल्या घरात फार जुनी आहे. विदर्भातल्या श्रोत्यांना रोडगा काय ते सांगायला नको. गव्हाचे जाडसर पीठ घट्ट मळायचे, तेलाचा हात लावून पाऱ्या एकात एक गुंडाळायच्या, आणि गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून द्यायचे. मारुतीच्या पारावर पंगत बसते, राख झटकून रोडगा फोडला जातो, आणि वरण नि वांग्याची भाजी पानात पडते. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो. एकनाथ महाराजांच्या भारुडातली ती सासुरवाशीण भवानीआईला नवस बोलते, तोही रोडग्याचाच! कोकणात चला. तिथे मोठ्या काकडीचे धोंडस होते. पातेल्याच्या बुडाशी निखारे आणि झाकणावरही निखारे. खालून वरून सारखी आच मिळाली की झाली तुमची भट्टी. आमच्या आज्यांना ओव्हन हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचे मर्म पुरते ठाऊक होते.

पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. शब्दही त्यांचाच. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, आणि पूर्वी तिथे पीठ फुगवायला ताडी वापरीत. नानकटाईची हकिगत सुरतेची सांगतात. तिथे डचांची वखार होती, त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी होती. डच गेले, भट्टी एका पारशी कारागिराकडे राहिली, आणि सुरतेच्या लोकांना रुचेल असा खुसखुशीत पदार्थ त्या भट्टीतून निघू लागला. नान हा शब्द फारसी, त्याचा अर्थ रोटी. पुढे ही नानकटाई मुंबईपुण्याच्या आणि तालुक्याच्या गावच्या भट्ट्यांतून आमच्या दिवाळीच्या डब्यात कशी येऊन बसली, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. तालुक्याच्या पेठेत एक भट्टी होती. विटांची, लाकडांवर तापणारी. पहाटे तिच्यातून पाव निघत. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी तीच भट्टी बायकांना मिळे. यातही शास्त्र आहे, बरे का! पावाला कडक आच लागते. पाव निघाल्यावर विटा हळूहळू निवत जातात, आणि ती उतरती, सौम्य आच नानकटाईला मानवते. कडक आचेवर ती वरून करपेल आणि आत कच्ची राहील.

आई सकाळीच निघे. डोक्यावर पत्र्याचा डबा, त्यात मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची. मी मागे रिकामा डबा घेऊन. भट्टीच्या ओट्यावर दहाबारा बायका पराती घेऊन बसलेल्या. तूप फेसायचे काम मोठे नेटाचे. तळहाताने घासत राहायचे, ते पांढरे आणि हलके होईपर्यंत. मग साखर, मग मैदा. पाणी अजिबात नाही. पाण्याने मैद्याला चिवटपणा येतो, आणि नानकटाई तर जिभेवर विरघळली पाहिजे. भट्टीवाले चाचा भाड्याने पत्रे देत, पत्र्यामागे भाजणावळ घेत, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने ते आत सरकवीत.

आता दहा घरांचे पत्रे एका भट्टीत. कोणता कोणाचा, हे कसे ओळखायचे? म्हणून प्रत्येकीची खूण असे. कुणी चारोळी लावी, कुणी चाकूने फुली मारी. माझी आई शिवणकाम करी. ती बोटातल्या अंगुस्तानाने प्रत्येक नानकटाईवर ठसा उमटवी. बारीक बारीक खड्ड्यांचा तो गोल ठसा म्हणजे आमचे घर.

इतके करूनही एका वर्षी घोटाळा झालाच. घाईगर्दीत आमचा एक पत्रा दुसऱ्याच कुणाच्या डब्यात गेला आणि त्यांचा आमच्या. घरी येऊन पाहतो तो नानकटाईवर फुली, आणि आत जायफळाचा वास. आई हळहळली. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्या घराचा माग काढीत गेली, खालच्या आळीत. तर त्या काकू दारातच म्हणाल्या, “अहो, मी तुमच्याकडेच निघाले होते. पण खरं सांगू? पोरांनी निम्म्या संपवल्या!” आई म्हणाली, “आमच्याकडे तरी काय राहिलंय?” दोघी हसत सुटल्या. तेव्हापासून त्या ओट्यावर शेजारी शेजारी बसू लागल्या. आमच्या पिठात जायफळ आले आणि त्यांच्या तुपाला आईसारखे फेसणे आले.

पुढे दिवस बदलले. घरोघर ओव्हन आले. तालुक्याची ती भट्टीही बंद झाली. मी शिक्षिका झाले, बदलीच्या गावी राहिले, आणि दिवाळीला आईच्या हातची नानकटाई डब्यातून आयती मिळत गेली. तिला विचारावे, शेजारी बसून पाहावे, हे सुचले नाही. आई आहेच, ही समजूत!

आई गेली त्या वर्षी दिवाळीत मी तिची वही काढली. जुनी, तेलाच्या डागांची. नानकटाईच्या पानावर चारच ओळी होत्या. तूप अर्धा शेर. साखर तितकीच. मैदा मावेल तेवढा. बेताच्या आचेवर भाजणे. बस्स!

श्रोतेहो, मी त्या चार ओळींवर विसंबून नानकटाई केली. ओव्हनचे दार उघडले तो पत्र्यावर सगळे एकत्र वितळून त्याची एक भाकरी झाली होती. ठसा कुठे नि नानकटाई कुठे! मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. आईसाठी मी दहाव्या-बाराव्याला जितकी रडले नव्हते तितकी त्या दिवशी रडले, कारण आता विचारायला कुणी उरले नाही हे मला त्या दिवशी खरे समजले.

भाऊबिजेला माहेरच्या गावी गेले तेव्हा खालच्या आळीत गेले. काकू फार थकल्या होत्या, पण वही पाहून म्हणाल्या, “अगं, मावेल तेवढा म्हणजे वाट्टेल तेवढा नव्हे. मूठ दाबून बघायची. मुटका वळला पाहिजे, आणि बोटानं ढकलला की फुटला पाहिजे. आणि तूप कसलं घेतलंस?” मी म्हटले, “पातळ करून.” त्यांनी कपाळाला हात लावला. “तुझ्या आईनं जन्मात कधी पातळ तूप घेतलं नाही. रवाळ, घट्ट तूप. म्हणून तर फेसायचं!” वहीत हे नव्हते, कारण आईला ते लिहावेसे वाटले नाही. ज्याला जे रोजचे, ते तो लिहीत नाही.

मग त्यांनी विचारले, “आणि बेसन घातलंस का?” वहीत बेसनाचे नाव नव्हते. काकू म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात सुरू केलं तिनं.” तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना १९७२ चे साल आठवत असेल. विहिरी आटलेल्या, लोक खडी फोडायला जाणारे, रेशनवर मिळालेल्या मिलोच्या भाकरी. त्या दिवाळीत मैदा पुरेसा मिळाला नाही. आमच्या कणगीत थोडे हरभरे होते. आईने ते दळून मैद्यात मिसळले आणि एकच पत्रा भाजला. मुलांना चव आवडली. पुढे मैदा मुबलक झाला तरी मूठभर बेसन राहिले. आमच्या घरची खास चव म्हणून मी जिचे कौतुक मैत्रिणींना सांगत आले, ती दुष्काळाची खूण होती. आईने ती कधी बोलून दाखवली नाही. आमच्या हातात मात्र दरवर्षी ठेवली.

म्हणून म्हणते, घरातल्या पदार्थात घराचा इतिहास असतो, आणि तो वहीच्या ओळींपेक्षा माणसांच्या हातांत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ध्यानात जास्त असतो. तो वेळेवर विचारून घेतला पाहिजे.

आता मापाचे थोडे बोलू. जुन्या वह्यांतला शेर वाचताना सावध असावे. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा सोळावा भाग छटाक, सुमारे ५८ ग्रॅम. पण काही भागांत कच्चा शेर निराळा होता, आणि धान्य मोजायचा शेर तर वजनाचा नसून मापाचा होता. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला आणि ही मापे व्यवहारातून गेली. तेव्हा तुमच्या आजीचा शेर कोणता, हे आजीलाच विचारा. वाटीचेही तेच. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने हजारो मुली स्वयंपाक शिकल्या. पण तुमच्या घरची वाटी केवढी? सोपी युक्ती आहे. वाटी पाण्याने काठोकाठ भरा आणि त्या पाण्याचे वजन करा. जितके ग्रॅम पाणी, तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. तो आकडा वहीत लिहून ठेवा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून हे काम मुलांना द्याच. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून एका पदार्थाची माहिती लिहून आणायची. माप कोणत्या भांड्याने? पीठ झाले हे हाताला कसे कळते? आच किती, ती कशावरून ओळखायची? हे कोणाकडून शिकलात? यात कधी काही बदलले का, आणि का बदलले? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याच्या उत्तरातून दुष्काळ निघेल, रेशन निघेल, एखादे सोडलेले गाव निघेल, एखादी शेजारीण निघेल. भाषा, गणित आणि इतिहास असे तिन्ही विषय एका पानावर येतील. ज्या मुलाच्या घरी दिवाळीला गोडधोड होत नाही, त्याच्या आजीला भाकरीविषयी विचारू द्या. भाकरीलाही सांगण्यासारखे पुष्कळ असते.

आईच्या वहीतल्या त्या पानावर मी आता खाली माझ्या अक्षरात लिहिले आहे: तूप घट्ट, फेसून पांढरे होईपर्यंत. एक वाटी तुपाला एक वाटी पिठीसाखर, आणि दोन वाट्यांच्या आसपास मैदा, मुटका वळून फुटेल इतका. मूठभर बेसन, १९७२ पासून. चिमूटभर जायफळ, खालच्या आळीतल्या काकूंचे.

“मावेल तेवढा” हे आईचे शब्द मात्र मी खोडले नाहीत. आईचे अंगुस्तान माझ्याकडे आहे. या दिवाळीत नात माझ्याजवळ बसणार आहे. पीठ मी तिच्या मुठीत देणार आहे. तुमच्या घरीही कुणी असेल, ज्याच्या हाताला हे कळते. आजच जाऊन त्यांच्याजवळ बसा.