कोऱ्या कागदापुढे



शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणारा मी, पुढे ३० वर्षं जाहिराती लिहीत राहिलो. मग एकदा ओळच सुचेना. मुलुंडहून लोकलनं जायचो, कोऱ्या कागदापुढे बसून परतायचो. घरी सांगितलं नाही.

एका दुपारी फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयात, जहांगीर निकल्सन दालनात, वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रापुढे थांबलो. माणूस नाही, झाड नाही. रोलर आणि सुरीनं चढवलेले रंगाचे थर. १९४८ साली जे. जे.मधून पदविका घेतलेले गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. बाकीचा काळ चित्र मनात मुरायचं. वाटलं, माझं न सुचणंही कामाचाच भाग असेल.

येताना रंग आणि रोलर आणला. रविवारी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरून रंग ओढू लागलो. मुलीनं विचारलं, "बाबा, हे काय काढलंय?" म्हटलं, "काहीच नाही." आणि एकदम मोकळं वाटलं. माझ्या प्रत्येक ओळीला काहीतरी विकायचं असे. या रंगाला काहीच विकायचं नव्हतं.

चौथ्या महिन्यात ओळ सुचली. रोलर अजून हातात आहे. चित्रकलेच्या बाई, प्रगतिपुस्तकातला तुमचा 'क' मात्र आजही योग्यच आहे!