नेमलेली विश्रांती
(संस्थेच्या हीरकमहोत्सवी समारंभात, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या साठ वर्षांच्या कामाविषयी आज सकाळपासून पुष्कळ बोलून झाले आहे, आणि ते यथार्थच आहे. आमच्या वाट्याला विषय आला तो विश्रांतीचा. कामाच्या गौरवासाठी भरलेल्या सभेत विश्रांतीवर बोलावयाचे म्हणजे लग्नघरात उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच आहे. तरीही चिटणीसांनी हा विषय विचारपूर्वक दिला असावा. ज्यांच्या कष्टांवर ही साठ वर्षे उभी राहिली, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या आणि त्याहून अधिक जणींच्या तोंडून ‘आता जरा बसते’ हे शब्द आम्ही कधी ऐकलेच नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. काम उरकल्यावर जो वेळ उरेल त्यात विश्रांती घ्यावी, असे आपण मानतो. पण काम उरकतच नाही, आणि वेळ उरतच नाही. म्हणून विश्रांती आधी नेमावी लागते. तीही चारचौघांनी मिळून नेमावी लागते; एकट्याने नेमली तर घरचेच लोक तिला आळस म्हणतात.

आपण ज्याला सहजपणे ‘रविवार’ म्हणतो तो आपल्या आजोबा-पणजोबांना आयता मिळालेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण त्यात विचार केला होता तो मुलांचा. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसास नऊ तास काम आणि महिन्यास चार सुट्ट्या, एवढीच काय ती दया! मोठ्या माणसांना सणावाराची सुट्टी मिळे. परंतु ठरलेला असा वार नव्हता. गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसण्यासाठी अर्धा दिवस बोलावणे येई ते निराळेच.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक गृहस्थ पुढे आले. हे स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले आणि पुढे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक झालेले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातील मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यास एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. आधीच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. यात विश्रांतीच्या मागण्या पगाराच्या आधी आहेत, हे आम्हांस फार बोलके वाटते. पोटाला चिमटा असलेली ही माणसे. त्यांना पैशाची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल? परंतु थकलेल्या शरीराला आणि विटलेल्या मनाला पगार वाढवून उभारी येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

सहा वर्षे हे चालले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. एकशेतीस वर्षांपूर्वी, उघड्या मैदानावर, हजारो पुरुषांसमोर! त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ती कारखान्यांना लागू झाली. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार खरा. पण तो आमच्या खंडोबाचाही वार आहे, हे देशावरून आलेल्या कामगारास सांगावे लागत नव्हते. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सात दिवसांत सलग चोवीस तास विश्रांतीचा करार केला आणि १९२३ मध्ये हिंदुस्थानने त्यास मान्यता दिली. म्हणजे जगाने करार करण्यापूर्वी एकतीस वर्षे मुंबईच्या कामगाराने तो दिवस मिळविला होता.

अशा सुट्टीने उत्पादन बुडते, ही मालकांची जुनी हाकाटी. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत रात्रंदिवस आणि रविवारीही काम चालविले, कारण गोळ्यांची गरजच तशी होती. १९१५ साली सरकारने तेथील कामगारांच्या प्रकृतीची चौकशी करण्यास समिती नेमली. तिला आढळले ते असे की, सात दिवस राबवून माल निघतो तो सहा दिवसांचाच. काही ठिकाणी तास कमी केले तेव्हा एकूण माल कमी न होता उलट वाढला. थकलेला हात चालतो, पण चुका करतो. आणि चुका निस्तरण्यात पुढचा दिवस जातो. हे आमच्या शेतकऱ्याला समितीवाचून कळले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाचे खांदे तुपाहळदीने मळतो आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. वेदपाठशाळेतही प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्या या तिथींना अनध्याय असे. पाठांतराइतके डोके शिणविणारे काम दुसरे नाही, म्हणून त्यात खंडही पंचांगानेच नेमून ठेवला होता. विद्यार्थ्याच्या मर्जीवर तो सोडला नव्हता. (सोडला असता तर काय झाले असते ते विद्यार्थ्यांच्या पालकांनी सांगावे.)

बुद्धीच्या कामाचेही तसेच आहे. पॉइन्कारे हा थोर फ्रेंच गणिती सकाळी दोन तास आणि सायंकाळी दोन तास, एवढेच नेमून काम करी. त्याला एका अवघड प्रश्नाची किल्ली सापडली ती मेजापाशी बसून नव्हे. तो सहलीस निघाला होता आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवीत होता त्या क्षणी. अर्थात त्याआधी त्याने त्या प्रश्नावर जिवापाड श्रम केले होते, हे आमच्या तरुण मित्रांनी विसरू नये.

आता एक भेद सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या इंदुरातच शिकता येतो. रिकामपण म्हणजे विश्रांती नव्हे. या शहरातील गिरण्या चालू होत्या तेव्हा अनंत चतुर्दशीच्या झांक्या गिरणीकामगार स्वतः उभ्या करीत. पाळी संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी, लाकूड, कापड, रंग आणि दिव्यांची कामे चालत. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस रात्री जागून हत्ती-घोडे बनवी आणि तरी ताजा दिसे. कारण ते काम त्याचे होते. त्यात त्याला कोणी बोलावले नव्हते, आणि ते करताना मुकादमाकडे पाहावे लागत नव्हते. पुढे १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. त्यानंतर त्याच कामगारांना आठवड्याचे सातही वार मोकळे मिळाले. त्या मोकळ्या दिवसांना विश्रांती म्हणण्याची कोणाची छाती होईल? देणी मिळण्यासाठी त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी २२४ कोटी रुपये सुपूर्त झाले, तोवर कित्येक जण निघून गेले होते. उद्याच्या भाकरीची शाश्वती असेल तरच आजची विश्रांती अंगी लागते. म्हणून विश्रांतीचा उपदेश करणाऱ्याने समोरच्याचे पोट भरले आहे की नाही ते आधी पाहावे.

आज सभागृहात बसलेल्या बऱ्याच कुटुंबांतील मुले पुण्या-बंगलोरास किंवा परदेशी मोठ्या पगारावर आहेत. त्यांच्या पोटाची चिंता नाही. परंतु रविवार मात्र नाहीसा झाला आहे. कचेरी खिशातल्या मोबाईलमध्ये शिरली आहे, आणि रात्री दहाला साहेबाचा निरोप येतो. जेवताना डोळा ताटाकडे अन् कान त्या घंटीकडे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे शेकडा ३५ नी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका शेकडा १७ नी अधिक आढळला. मनाची चिडचिड आणि झोपेचे खोबरे हे तर त्याच्या फार आधी सुरू होते. ते मोजावयास संघटना नको, घरची माणसे पुरेत. आमची या तरुणांना सूचना एवढीच की, लोखंड्यांनी केले ते करावे. एकट्याने मोबाईल बंद केला तर बढती जाईल ही भीती रास्त आहे. म्हणून बरोबरीच्या चार-सहा जणांनी मिळून तास ठरवून घ्यावे व वरिष्ठांस एकत्र सांगावे.

पण कारखान्याचा, कचेरीचा विचार झाला तरी एक कारखाना राहतोच, आणि तो रविवारी दुप्पट चालतो. तो म्हणजे आपले स्वयंपाकघर. पुरुषांची सुट्टी म्हणून त्या दिवशी पुरणपोळी, पाहुणे, आणि उशिरा उठणाऱ्यांचा दोनदा चहा. २०१९ च्या सरकारी पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी २९९ मिनिटे वेळ त्यात जातो असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. त्यातही असे पुरुष शंभरांत सव्वीसच्या आसपास! महालक्ष्मीच्या मैदानावर त्या दोघींनी मागितलेला रविवार त्यांच्या नातींना घरी अद्याप मिळालेला नाही.

संस्थेपुरते बोलावयाचे तर, आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाचा भटारखाना आठवड्याचे सातही दिवस दोन्ही वेळा चालतो. तेथील मावशींना आजारी पडल्यावाचून सुट्टी मिळत नाही, आणि आजारी पडणे हा सुट्टी मिळविण्याचा महाग मार्ग आहे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत महाप्रसादाचे ओझे दरवर्षी त्याच सात-आठ भगिनी उचलतात. अहवालात त्यांचे आभार एका ओळीत मानले जातात. हीरकमहोत्सवाच्या निधीतून व्यासपीठाचे नूतनीकरण व्हावे असा ठराव आला आहे. तो चांगलाच आहे. आमची उपसूचना अशी की, त्याच निधीतून आठवड्याच्या एका दिवसासाठी भटारखान्यात बदली माणसे पगारावर ठेवावीत, नेहमीच्या मावशींचा त्या दिवसाचा पगार कापू नये, आणि उत्सवाच्या स्वयंपाकाची पाळी पुरुष सभासदांसह लावावी. पोळ्या वेड्यावाकड्या होतील. गणपतीबाप्पा ते चालवून घेईल.

उपसूचनेची प्रत प्रवेशद्वारापाशी मेजावर ठेवली आहे. ज्यांना मान्य असेल त्यांनी सही करावी. सुट्टीचा वार कोणता असावा तो रकाना मुद्दाम कोरा सोडला आहे. तो विश्वस्तांनी भरू नये. उद्या सकाळी भटारखान्यात जाऊन मावशींनाच विचारावा.