शेळी फळत नाही? बोकडाचं पाणीही बघा

इथं जुळे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सोसायटी-सोसायटीत बोअर. गावाकडं तर गोठ्यातली जनावरंही बोअरवरच. त्या पाण्यातल्या फ्लोराईडनं दात पिवळे पडतात, हाडं आखडतात, हे तुम्ही ऐकलेलं आहे. आज बोकडाबद्दल बोलू.

शेळी दोन-तीनदा उलटली की आपण म्हणतो, वांझ आहे, बाजार दाखवा. (बायांच्या बाबतीतही असंच होतं, ते तुम्हाला मी काय सांगू!) बोकडाकडं कुणी बघत नाही. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना लागतो. दोष त्याच्यात असला तर अख्ख्या गटाची वेतं बुडतात.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशीला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर सशांना किलोमागं 10 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराईड दिलं. 1991 साली ते छापून आलं. 29 महिने दिलेल्या सशांमध्ये वीर्यातले शुक्राणू तयार होणंच थांबलं होतं. गुजरात विद्यापीठात उंदरांवर काम झालं. तिथं शुक्राणूंची हालचाल मंदावली, पण फ्लोराईड बंद केल्यावर बरीच सुधारणाही दिसली. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

आता घाबरू नका. तो डोस मोठा होता. तीस किलोचा बोकड लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराईडचं पाणी दिवसाला पाच लिटर प्याला, तरी किलोमागं अर्धा मिलिग्रॅमच जातं. म्हणजे शेळी गाभण राहिली नाही की लगेच पाण्यावर खापर फोडायचं नाही. चारा, जंत, बोकडाचं वय, एकाच रक्तातली पैदास, हेही बघायचं. पण पाणी वर्षानुवर्षं पोटात जातं, म्हणून तेही यादीत हवं.

आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडचा किनवट भाग फ्लोराईडसाठी ओळखला जातो. आपली जमीन तशी नाही, काळ्या दगडाची आहे. तरी बोअरचं पाणी चवीवरून कळत नाही. माणसांसाठी लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं.

गोठ्यात काय बघाल? लहानपणापासून त्याच पाण्यावर वाढलेल्या जनावराच्या दातांवर तपकिरी पट्टे, लवकर झिजलेले दात, लंगडणं. बाजारातून मोठा आणलेला बोकड दातावरून कळणार नाही, कारण दात येताना तो दुसरीकडचं पाणी प्याला होता. आणि खताचं रॉक फॉस्फेट खनिज म्हणून चारू नका, त्यातही फ्लोराईड असतं. पशुखाद्याचं खनिज मिश्रणच घ्या.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच बायांना पाणी तपासायला शिकवलंय. तुमच्या गावातल्या कोण, ते ग्रामपंचायतीत विचारा. किटमध्ये जास्त दिसलं तर प्रयोगशाळेत नमुना द्या. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेची नको. बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा, आणि कुठल्या बोअरचं पाणी ते वर लिहा.